भाजीच्या पावत्या कुणी ठेवल्या?

आमच्या वडाळ्याच्या केंद्रावर शनिवारी दुपारी बायका येतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, लग्नपत्रिका आणि गॅसचे जुने पुस्तक. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज टाकला होता. लग्नाला सव्वीस वर्षे झालेली. राहते घर वडाळ्यातच, एका सहकारी सोसायटीत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शेअर सर्टिफिकेटवर नाव नवऱ्याचे एकट्याचे.

वकिलांनी त्यांना विचारले होते, "या घरासाठी तुम्ही काय दिलंत, त्याचा पुरावा आणा." म्हणून त्यांनी घरात होते नव्हते ते सगळे कागद पिशवीत भरून आणले होते. मी ते चाळत असताना त्या म्हणाल्या, "ताई, त्यांचा पगार हप्त्याला गेला. माझा डब्यांचा पैसा भाजीला, किराण्याला, पोरांच्या फीला गेला. हप्त्याच्या पावत्या बँकेत आहेत. भाजीच्या पावत्या कुणी ठेवल्या?"

गेली कित्येक वर्षे मी कायद्याच्या शिबिरांतून बोलते आहे. या एका वाक्यात जे आहे ते मला कधी इतके नेमके सांगता आले नव्हते.

त्या घराचा हिशेब बघा. सासऱ्यांची नायगावची पागडीची खोली विकून काही रक्कम आली. बाईंच्या पाटल्या आणि बोरमाळ मोडून काही आली, सराफाची चिठ्ठी आता नाही. उरलेले कर्ज, वीस वर्षांचे, नवऱ्याच्या पगारातून फिटले. आणि ते फिटू शकले, कारण पगाराला घरखर्चाची तोशीस लागू नये म्हणून ही बाई पहाटे चारला उठून डबे करत होती. सासूचे आजारपण काढत होती, दोन मुलांचे करत होती. एकाने भिंत विकत घेतली आणि एकीने ती भिंत उभी राहील इतकी वर्षे घर चालवले. कायद्याला यातली फक्त भिंत दिसते.

कायदा नेमका काय म्हणतो, ते आपल्या कार्यकर्त्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते, म्हणून लिहिते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २७ मध्ये घटस्फोटाच्या वेळी मालमत्तेबद्दल निर्णय देण्याची तरतूद आहे, पण कोणत्या मालमत्तेबद्दल? लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या मिळून असलेल्या वस्तूंबद्दल. म्हणजे भांडीकुंडी, कपाट, पंखा, मिक्सर. लग्नानंतर सव्वीस वर्षांत जे उभे राहिले त्याच्या वाटणीबद्दल या कायद्यात अक्षर नाही. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता वेगवेगळी धरली जाते. ज्याच्या नावावर, त्याची. हे ऐकायला किती समान वाटते! पण ज्या समाजात नाव लावायचा प्रश्न आला की पुरुषाचे नाव आपोआप लागते, तिथे 'ज्याचे नाव त्याचे' हा नियम म्हणजे पुरुषाला दिलेला कोरा चेक आहे.

राहिली पोटगी. कलम २५ खाली कायमची पोटगी मिळते, महिन्याला किंवा एकरकमी, आणि ती नवऱ्याच्या स्थावरावर बोजा म्हणून चढवताही येते. हे आपण मागतोच, मागायलाच हवे. पण त्याच कलमात पुढे काय आहे? बाईने पुन्हा लग्न केले, किंवा ती 'पतिव्रता' राहिली नाही असे नवऱ्याने सिद्ध केले, तर पोटगी बदलता येते, बंदही करता येते. घटस्फोट झालेल्या बाईने कुणाशी पातिव्रत्य पाळायचे, हे मला आजवर एकाही वकिलाने सांगितलेले नाही. मुद्दा असा, की पोटगी ही वागणुकीवर अवलंबून असलेली मेहेरबानी आहे. आपल्या मालकीच्या घरात राहणाऱ्या माणसाला कुणी चारित्र्याचा दाखला मागत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले, की पोटगी ही बायकोची संपत्ती नवऱ्याच्या बरोबरीला आणण्यासाठी नसते. आपल्यातल्या पुष्कळ जणी त्यावर चिडल्या. मी चिडले नाही. पोटगीपुरते ते म्हणणे बरोबरच आहे. पोटगी गरजेवर बेतलेली असते, आणि गरज वेगळी, वाटा वेगळा. भागीदारी मोडली तर कुणी भागीदाराला विचारत नाही की बाबा रे, तुझा महिन्याचा किराणा किती? त्याचा हिस्सा मोजतात आणि हातात देतात. आपल्याला मागायचा आहे तो हिस्सा. तो मागायला कलमच नाही, म्हणून आपल्या बायका सगळे मागणे पोटगीच्या चिंचोळ्या दारातून आत ढकलतात आणि मग लोभी ठरतात.

लोभाचे बोलणे निघालेच आहे तर आणखी एक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका बाईने अठरा महिन्यांच्या लग्नानंतर मुंबईतला फ्लॅट, बारा कोटी रुपये आणि एक महागडी मोटार मागितली, ही बातमी सगळ्या वर्तमानपत्रांनी चवीने छापली. त्या आठवड्यात हार्बरच्या डब्यात, भाजी निवडता निवडता, बायकाच बायकांना सांगत होत्या, "बघा, आजकालच्या मुली!" एका बाईच्या बारा कोटींची बातमी होते. वडाळा रोडवरून गाडी पकडून वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात तारखेला जाणाऱ्या ज्या बाईच्या नावावर पासबुकही नाही, तिची बातमी होत नाही. आणि मग कायदा करायची वेळ आली की पुढाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती बारा कोटींची बाई असते.

आता मला जे सगळ्यात जास्त टोचते ते सांगते. बाईच्या घरकामाला किंमत लावता येत नाही असे म्हणतात. खोटे आहे. न्यायालये ती गेली पंचवीस वर्षे लावत आहेत. अट एवढीच, की बाई मेलेली हवी. २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीतल्या मृतांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना तीन हजार रुपये धरले. २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि वेश्यांच्या जोडीने 'काम न करणाऱ्यां'त घातल्याबद्दल खडे बोल सुनावले. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सांगितले, की गृहिणीचे काम हे कामच आहे आणि त्याचे मोल धरलेच पाहिजे. छान. म्हणजे आमच्या त्या बाई उद्या वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसजवळ रस्ता ओलांडताना चाकाखाली गेल्या, तर न्यायाधिकरण त्यांच्या पोळ्या, धुणी, आजारपणे सगळे मोजील, त्याला वर्षांनी गुणील आणि विमा कंपनीकडून रक्कम वसूल करील. ती रक्कम मिळणाऱ्यांत त्यांचा नवरा असेल! जिवंतपणी त्याच कामाबद्दल त्या स्वतः न्यायालयात उभ्या राहिल्या, तर पुरावा काय, म्हणून विचारतात.

आणि ज्यांना वाटते की वाटा देणे फार गुंतागुंतीचे आहे, अव्यवहार्य आहे, त्यांनी वडाळ्यात माझ्याबरोबर एक फेरी मारावी. इथे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती आहेत आणि त्यांना लागून विक्रीचे टॉवर आहेत. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत, ३३(१०) च्या परिशिष्टात, पुनर्वसनाच्या घराबद्दल स्पष्ट लिहिले आहे, की ते घर झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार या दोघांच्या संयुक्त मालकीचे राहील, सोसायटीच्या नोंदींत आणि शेअर सर्टिफिकेटवर तशी नोंद होईल. आणि नोंद झाली नसली तरी ती झाली आहे असे मानले जाईल! ही शेवटची ओळ मी शिबिरात दोनदा वाचते. नवऱ्याने कारकुनाला चहा पाजून एकट्याचे नाव लावून घेतले, तरी कायदा म्हणतो, बाईचे नाव आहेच.

मग मला सांगा, सव्वादोनशे चौरस फुटांच्या, पुढे दोनशे एकोणसत्तर आणि आता तीनशे चौरस फुटांच्या घरात जे शक्य झाले, ते लिफ्टच्या टॉवरमध्ये का शक्य नाही? झोपडीतला नवरा दारू पिऊन घर विकील, म्हणून बायकोचे नाव लावा, हे सरकारला सुचले. टॉवरमधला नवरा सभ्य, तो कशाला विकील? आमच्याकडे येणाऱ्या बायका दोन्हीकडून येतात. पुनर्वसनाच्या इमारतीतली बाई निदान म्हणू शकते, माझ्या सहीशिवाय विकून दाखव. टॉवरमधल्या बाईला तेवढेही म्हणता येत नाही. उलट सरकारचे डोके कसे चालते बघा. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण नवऱ्याबरोबर दोघांच्या नावाने घेतले तर नाही. म्हणजे बहुतेक घरांत जे निदान होऊ शकते, दोघांची नावे, त्यालाच उत्तेजन नाही. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतले तरी ती सुखात आहे असे समजू नका. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात २०१६ साली बदल झाला. नवऱ्याने आपल्या ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेली मालमत्ता आता बेनामी ठरत नाही. त्याचा आधार घेऊन २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नवऱ्याला अशा घरावर दावा सांगायला वाट मोकळी केली. तिच्या नावावर असले आणि पैसा त्याचा असला तर तो पैसा बोलतो. त्याच्या नावावर असले आणि श्रम तिचे असले तर श्रम मुके.

ही मागणी नवी नाही, हे तरुण कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगते. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने आपला 'समानतेकडे' हा अहवाल १९७४ मध्ये दिला. फूलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सचिव, लोतिका सरकार सदस्य. त्यात घरकाम हे मालमत्तेतले योगदान मानावे आणि घटस्फोटाच्या वेळी लग्नाच्या काळात झालेल्या मालमत्तेपैकी किमान एक तृतीयांश बायकोला द्यावी, अशी शिफारस होती. पन्नास वर्षे उलटली. मधे १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी महिला आघाडीची लक्ष्मीमुक्ती आली. शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करून दिली. मुंबईच्या आम्ही बायका त्याकडे खेड्यातला उपक्रम म्हणून पाहत राहिलो. आमच्या चाळीतली भाडेपावती कुणाच्या नावावर आहे, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने विवाह कायद्यांत दुरुस्तीचे विधेयक मंजूर केले. लग्न पार मोडले आहे या कारणावर घटस्फोट, आणि तो देताना नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला न्यायालय ठरवील तो वाटा. पुरुषांच्या संघटनांनी आरडाओरडा केला. लोकसभेत ते पुढे गेलेच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर ते संपले. गंमत अशी, की लग्न मोडल्याच्या कारणावर घटस्फोट मात्र सर्वोच्च न्यायालय आपल्या खास अधिकारात देऊ लागले आहे. मे २०२३ च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. विधेयकातला पुरुषाच्या सोयीचा अर्धा भाग असा मागच्या दाराने आला, वाट्याचा अर्धा भाग दाराबाहेर राहिला.

आपल्यातच या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात, ते मी टाळणार नाही. पहिला: हा मध्यमवर्गीय बायकांचा प्रश्न आहे, आपल्या वस्तीतल्या बायकांकडे वाटायला काय आहे? बायांनो, मुंबईत दहा बाय बाराची खोली म्हणजे काही लाख रुपये. गरीब घरात दुसरे काहीच नसते म्हणून तर छप्पर हेच सर्वस्व. पागडीच्या खोलीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले आहे, की टाकलेली बायको भाडेकरू नवऱ्याच्या वतीने घरमालकाशी लढू शकते, पण लग्न टिकून आहे तोवरच. घटस्फोट झाला की तिचा राहण्याचा हक्क गेला, हुकूमनाम्यात वेगळे काही लिहून घेतले नसेल तर. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने राहण्याचा हक्क दिला, ऑक्टोबर २०२० च्या निकालाने सासरच्यांच्या मालकीच्या घरातही तो मागता येतो हे स्पष्ट झाले. तो मोठा आधार आहे. पण राहणे म्हणजे मालकी नव्हे. नायगावच्या आणि शिवडीच्या बीडीडी चाळींतल्या बायकांना मी म्हणते, पुनर्विकासात पाचशे फुटांचे घर मिळणार म्हणून पेढे वाटण्याआधी आपापल्या कागदावर नावे किती आणि कुणाची, ते वाचून घ्या.

दुसरा आक्षेप अवघड आहे. निम्मे मागितले तर आपलेही निम्मे द्यावे लागेल. कमावत्या बायका हे विचारतात आणि त्यांची भीती खरी आहे. नवरा घरी बसून, बायको नोकरी करून घर घेते, तिने त्याला निम्मे का द्यावे? इथे माझे आणि माझ्या काही मैत्रिणींचे जमत नाही. माझे म्हणणे असे: स्त्रीधन, माहेरचा वारसा, लग्नाआधीची कमाई ही बाजूला ठेवावी, दोघांचीही. आमच्या बाईंच्या सासऱ्यांच्या खोलीचे पैसे नवऱ्याचे म्हणून बाजूला काढा, आमची हरकत नाही. पाटल्यांचे पैसे तिचे म्हणून काढा. लग्नानंतरचे उरलेले सगळे निम्मे-निम्मे, नाव कुणाचेही असो. मात्र जिथे एकीनेच बाहेरचे आणि घरातले दोन्ही ओढले, तिथे न्यायाधीशाला प्रमाण बदलता आले पाहिजे. आणि त्याची जुगाराची, दारूची, बायकोला न विचारता काढलेली कर्जे वाटणीत येता कामा नयेत. एवढे केल्यावरही काही कमावत्या बायकांना काही द्यावे लागेल. लागू दे. श्रमाला मोल आहे म्हणायचे आणि ते पुरुषाने केले तर नाही म्हणायचे, हे मला जमणार नाही.

गोव्याचे उदाहरण सगळे देतात. आपल्या शेजारचेच आहे, मराठी-कोकणी घरांतलेच आहे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र होते, घटस्फोटात निम्मी-निम्मी होते आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. सावंतवाडीची मुलगी बांद्याच्या पलीकडे दिली की निम्म्याची मालकीण, अलीकडे दिली की पोटगीची अर्जदार! पण त्याच संहितेने कारभार नवऱ्याच्या हाती दिला आहे, आणि ज्याच्या हाती कारभार त्याच्या हाती चाव्या. जे समान नागरी कायद्याच्या घोषणेत गोव्याचे नाव घेतात, ते या निम्म्या वाट्याबद्दल कधी बोलताना ऐकले आहे? उत्तराखंडने २०२४ मध्ये असा कायदा केला. लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांची नोंदणी त्यात आली, निम्मे घर काही आले नाही.

मद्रास उच्च न्यायालयाने मात्र जून २०२३ मध्ये वाट दाखवली. नवरा परदेशी नोकरीला, बायको घर आणि मुले सांभाळायला. त्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा बरोबरीचा वाटा मानला. असे योगदान मान्य करायला सांगणारा कायदा नाही, पण मान्य करू नका म्हणणाराही नाही, असे त्या निकालाचे म्हणणे. ते प्रकरण घटस्फोटाचे नव्हते आणि आपल्या न्यायालयांवर ते बंधनकारक नाही. तरी प्रत्येक अर्जात त्याचा उल्लेख करायला आपल्या वकिलांना सांगा.

कायदा होईपर्यंत हातात काय आहे तेही लिहिते. घर दिसते, गुंतवणूक दिसत नाही. नवऱ्याचा पीएफ, ठेवी, म्युच्युअल फंड, डीमॅट खाते, विमा यांची नावेही पुष्कळ बायकांना ठाऊक नसतात. 'मी नॉमिनी आहे' असे निर्धास्तपणे सांगतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे १९८३ मध्ये सांगितले, शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायकोच्या नावे काढलेली पॉलिसी मात्र तिच्यासाठीचा विश्वस्तनिधी ठरते, ती त्याच्या धनकोंनाही ओढता येत नाही. पॉलिसी घरात असेल तर ती या कायद्याखाली आहे का, पाहा.

नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मालमत्ता, देणी, ठेवी, गुंतवणूक यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आहे. समोरून अर्धवट प्रतिज्ञापत्र आले आणि आपला वकील गप्प बसला, असे वारंवार होते. गप्प बसू देऊ नका. बँकेची विवरणे, आयकराची कागदपत्रे मागायला लावा. नोटीस येण्याच्या सुमारास ठेवी मोडल्या जातात, घर भावाच्या नावे बक्षीसपत्र होते. बायकोच्या पोटगीचा हक्क अशा फुकट घेतलेल्या घरावरही चालवता येतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३९ आहे. आणि मुंबईत स्थावरातल्या हक्काबद्दल दावा चालू असेल तर त्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी लागते, नाहीतर मधल्या खरेदीदाराला अडवता येत नाही. हे काम दावा दाखल झाल्याबरोबर करायचे, नवऱ्याने दलाल आणल्यावर नव्हे.

आमच्या त्या बाई पुढच्या शनिवारी पुन्हा आल्या. या वेळी पिशवीत चार वह्या होत्या, तेलाचे डाग पडलेल्या. डब्यांच्या वह्या. कुणाचे किती डबे, कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले. आणि मागच्या पानांवर त्याच पैशांतून काय गेले ते: तांदूळ, गॅस, धाकट्याची फी, सासूबाईंची औषधे. माळ्यावर जुन्या भांड्यांत सापडल्या, म्हणाल्या. सगळी वर्षे नाहीत, अकरा वर्षांच्या आहेत. वकिलांनी आधी नाक मुरडले, मग एक वही उघडून बराच वेळ वाचत बसले. चारही वह्या आता यादीसह न्यायालयात दाखल झाल्या आहेत. नवऱ्याच्या वकिलांनी हरकत घेतली आहे, की हे घरगुती हिशेब आहेत आणि त्यांचा मालमत्तेशी संबंध नाही. त्यावर सुनावणी व्हायची आहे.